ट्रॅक्टरच्या उचल-यंत्रणेंतील तेलगळती : कारणें, परीक्षा व उपाय

आपल्या वाशिम जिल्ह्यांत नांगरणी, पेरणी, मळणी व मालाची वाहतूक हीं कामें आतां मोठ्या प्रमाणावर ट्रॅक्टरवर येऊन पडलीं आहेत. ट्रॅक्टरचें इंजिन बिघडलें म्हणजे मालक त्याच दिवशीं मिस्तरीस बोलावितो. परंतु अवजार उचलणाऱ्या मागील यंत्रणेंतून किंवा ट्रॉलीच्या जॅकमधून तेलाचे थेंब पडूं लागले, तर 'काम चालतें आहे तोंवर चालूं द्यावें' असें म्हणून पुष्कळ जण वरून तेल ओतीत राहतात. ही गळती दिसावयास क्षुल्लक असते. तिचे परिणाम क्षुल्लक नसतात. मृगाच्या पावसानंतर वाफसा येतो तो मोजक्या दिवसांचा. त्या दिवसांत पेरणी-यंत्र उचललें जाईना, तर सोयाबीन व तूर यांची पेरणी लांबते. सुगींत भरलेली ट्रॉली बाजार समितीच्या आवारांत जाऊन उलटेनाशी झाली, तर मजूर लावून माल उतरावा लागतो. याहून गंभीर गोष्ट ही कीं, या गळतीमुळें माणसाचा हात कायमचा निकामी होऊं शकतो आणि उचललेली ट्रॉली अंगावर येऊन प्राणहि जाऊं शकतो.

गळती लागली म्हणजे सील बदलावें आणि पुन्हां गळूं लागलें म्हणजे पुन्हां बदलावें, अशी सर्वसाधारण रीत आहे. या रीतीनें पैसा जातो व दोष तसाच राहतो. सील हें बहुधा गुन्हेगार नसून साक्षीदार असतें. धूळ, पाणी, गंज, उष्णता अथवा चुकीचें तेल यांपैकीं कोणी तरी त्यास मारलेलें असतें. तें कोणी मारलें हें ओळखून मगच दुरुस्तीस हात घालावा, हें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

यंत्रणेचें स्वरूप

बंदिस्त द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला असतां तो सर्व बाजूंस सारखाच पोंचतो, हा नियम फ्रान्समधील पास्कल या शास्त्रज्ञानें सतराव्या शतकांत मांडला. एक चौरस सेंटिमीटर क्षेत्राच्या लहान दट्ट्यावर १० किलोग्रॅम भार ठेवला, तर त्याच तेलास लागून असलेल्या २० चौरस सेंटिमीटरच्या मोठ्या दट्ट्यावर २०० किलोग्रॅमचा जोर उत्पन्न होतो. मात्र मोठा दट्ट्या त्याच प्रमाणांत कमी सरकतो. शक्ति फुकट मिळत नाहीं. अंतराच्या मोबदल्यांत जोर मिळतो.

ट्रॅक्टरमध्यें हें काम असें चालतें. इंजिनाच्या जोरावर फिरणारा लहान पंप तेल ओढून घेतो. तेल आंत येतांना गाळणींतून येतें. पंपानें ढकललेलें तेल नियंत्रक झडपेपाशीं येतें. ही झडप म्हणजेच चालकाच्या हाताजवळील लिव्हरनें हलणारा भाग होय. लिव्हर वर केला कीं तेल नळकांड्यांत जाऊन दट्ट्या ढकलतें, दट्ट्या आडव्या दांड्यास फिरवितो आणि मागील दोन हात अवजारासह वर येतात. लिव्हर खालीं केला कीं तेलास परतीची वाट मिळते व अवजार स्वतःच्या वजनानें खालीं येतें. दाब मर्यादेबाहेर जाऊं नये म्हणून एक सुरक्षा-झडप असते. पुष्कळ ट्रॅक्टरांत हेंच तेल मागील गिअरच्या पेटींतहि असतें, म्हणून तेथें शिरलेली घाण उचल-यंत्रणेसहि भोंवते.

हॅरी फर्ग्युसन यानें तीन-बिंदूंची जोडणी व तेलाची उचल यांचा मेळ घातला आणि १९३९ सालीं फोर्ड कारखान्याच्या ट्रॅक्टरावर ती पद्धत मोठ्या प्रमाणावर प्रसारास आली. आज आपल्याकडील जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टर त्याच तत्त्वावर अवजार धरतो. ट्रॉलीचा जॅक हें त्याच यंत्रणेचें लांब केलेलें अंग आहे. ट्रॅक्टरवरून रबरी नळीनें तेल त्यांत जातें व एकांत एक बसलेल्या नळ्या दुर्बिणीसारख्या बाहेर सरकून ट्रॉली उलटवितात. समुद्रावरील मोठ्या यांत्रिक होड्यांच्या मागें बसविलेलें इंजिन पाण्याबाहेर तिरपें उचलण्यासहि असाच लहान जॅक असतो व त्यास होणारे रोग हेच; फक्त तेथें खारें पाणी जें करतें तें आपल्याकडे काळी माती व कुटाराची धूळ करते.

या तेलाचा दाब किती असतो याची कल्पना बहुतेकांस नसते. मोटारीच्या चाकांतील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारें २ किलोग्रॅम असतो. ट्रॅक्टरच्या उचल-यंत्रणेंत तो बहुधा १५० ते २०० किलोग्रॅमपर्यंत जातो. दहा सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर १५० किलोग्रॅमच्या दाबानें ११ टनांहून अधिक जोर येतो. एवढा दाब एका रबरी कडीनें अडवून धरलेला असतो.

सील कसें काम करतें

इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें १७९५ सालीं पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें, तेव्हां त्याची मोठी अडचण गळतीचीच होती. दट्ट्याभोंवतीं भरलेलें वेष्टन सैल ठेवलें तर गळे, आणि घट्ट केलें तर दट्ट्या हलेना. त्याच्या कारखान्यांतील हेन्री मॉडस्ले या कारागिरानें चामड्याची वाटीच्या आकाराची चकती बसवून हा प्रश्न सोडविला असें मानलें जातें. या वाटीची कड दाबाच्या बाजूस असते. दाब आला कीं तो कडेस बाहेर फांकवून भिंतीशीं घट्ट दाबतो. दाब गेला कीं कड सैल होते व दट्ट्या मोकळा सरकतो. ज्या दाबानें गळती व्हावयाची, तोच दाब गळती थांबवितो.

आपल्या गांवांतील हातपंपांतील चामड्याची अथवा रबराची वाटी याच तत्त्वावर चालते. ती उलटी बसविली तर हातपंप कितीहि हापसला तरी पाणी वर येत नाहीं. जॅकमधील ओठ असलेलें सीलहि असेंच आहे. त्याचा ओठ तेलाच्या दाबाकडे असला पाहिजे. उलटें बसविलेलें नवें कोरें सील पहिल्याच उचलीस गळतें व मालक दुकानदारास दोष देतो. याउलट बाहेरच्या तोंडाशीं असलेल्या धूळ पुसणाऱ्या कडीचा ओठ बाहेर, म्हणजे धुळीकडे असतो. दोन्ही कड्यांचीं कामें भिन्न आहेत, म्हणून त्यांचीं तोंडेंहि भिन्न दिशांस असतात.

वाटोळी रबरी कडी, जिला सर्वत्र ओ-रिंग म्हणतात, तिचें अमेरिकन पेटंट नील्स क्रिस्टेन्सन यास १९३९ सालीं मिळालें. ती खांचेंत किंचित दाबून बसविलेली असते आणि दाब आला कीं खांचेच्या एका बाजूस सरकून फट बुजविते. तिचें सामर्थ्य खांचेच्या मापावर अवलंबून आहे. डोळ्याच्या अंदाजानें घेतलेली जाड कडी खांचेंत चिरडते व बारीक कडी दाब धरीत नाहीं. यास्तव जुनी कडी घेऊन दुकानीं जातांना हें ध्यानीं असावें कीं, जुनी कडी बहुधा चपटी किंवा फुगलेली असते आणि तिच्यावरून घेतलेलें माप चुकतें. खांचेची रुंदी व खोली मोजावी, अथवा ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या पुस्तकांतील क्रमांक सांगावा.

प्रथम जिवाची काळजी

गळतीची जागा बोट फिरवून शोधूं नये. रबरी नळीस सुईच्या अग्राएवढें छिद्र पडलें असतां त्यांतून निघणारी धार डोळ्यांस नीट दिसत नाहीं. पण ती कातडी भेदून तेल मांसांत शिरविते. बाहेरून फक्त मुंगी चावल्यासारखा ठिपका दिसतो व पहिल्या तासांत दुखतेंहि थोडें. म्हणून माणूस हळद लावून कामास लागतो. आंतील तेल मात्र बोटाच्या स्नायूंबरोबर पसरत जातें, मांस कुजूं लागतें व शेवटीं बोट किंवा हात तोडण्याची पाळी येते. असा प्रसंग आल्यास वेळ न दवडतां शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयांत जावें आणि 'दाबाचें तेल आंत शिरलें आहे' असें वैद्यास स्पष्ट सांगावें. जखम लहान आहे म्हणून दुसऱ्या दिवसावर टाकूं नये.

दुसरा नियम उचललेल्या ट्रॉलीसंबंधीं. जॅकच्या भरंवशावर उभ्या असलेल्या ट्रॉलीखालीं कोणीहि डोकें घालूं नये. तिला तेलच धरून आहे. एक नळी फुटली किंवा एखाद्या लेकरानें लिव्हर हलविला तर ती क्षणांत खालीं येते. खालचा भाग पाहणें अटळच असेल, तर ट्रॉली रिकामी करावी, सपाट जागीं उभी करून चाकांस उटी लावावी, आणि उचललेल्या सांगाड्याखालीं दोन्ही बाजूंस भक्कम लोखंडी टेकू द्यावे. विटा, दगड किंवा कच्चें लांकूड टेकूस घेऊं नये. ट्रॉली उचलण्यापूर्वीं वर विजेच्या तारा नाहींत हेंहि पाहावें.

तिसरा नियम असा कीं, कोणताहि सांधा सोडण्यापूर्वीं अवजार व ट्रॉली पूर्ण खालीं उतरवावीं, इंजिन बंद करावें आणि लिव्हर दोन-तीन वेळां वर-खालीं हलवून नळ्यांत उरलेला दाब मोकळा करावा. तेल तापलेलें असल्यास निवूं द्यावें.

गळतीची जागा शोधणें

तेल जेथें थेंबरूपानें पडतें तेथेंच गळती आहे असें समजूं नये. तेल धातूवरून ओघळत खालच्या टोकास येतें. उगम वीतभर वर किंवा हातभर पुढें असतो. म्हणून प्रथम सर्व भाग डिझेल व ब्रशानें धुऊन कोरड्या फडक्यानें पुसावा. मग संशयित सांध्यांवर खडूची बारीक पूड भुरभुरावी. इंजिन चालू करून, दूर उभें राहून, अवजार चार-पांच वेळां उचलवावें व उतरवावें. इंजिन बंद करून पाहिल्यास ज्या जागीं पूड प्रथम ओली झाली तो उगम होय. रबरी नळीचा संशय असल्यास लांब काठीस जाड पुठ्ठा बांधून तो नळीजवळून फिरवावा; धार असेल तर पुठ्ठ्यावर तेलाचा डाग उमटतो.

गळती केव्हां होते हेंहि पाहावें, कारण तीवरून जागा कळते. यंत्र रात्रभर उभें असतांना गळत असेल, तर दोष तेलाच्या पातळीखालील झांकण, जोड-कागद किंवा दांड्याच्या सीलांत आहे. केवळ उचलतांना गळत असेल, तर दोष पंपापासून दट्ट्यापर्यंतच्या दाबाच्या वाटेंत आहे. गिअरच्या पेटीस हवा घेण्याचें लहान छिद्र असतें. तें चिखलानें बुजलें तर पेटी तापतांच आंत दाब वाढतो आणि एरव्हीं चांगल्या असलेल्या सीलांतून तेल बाहेर येतें. अशा वेळीं सील बदलण्यापूर्वीं तें छिद्र साफ करावें. पुष्कळदां तेवढ्यानें काम भागतें.

एक गळती अशीहि आहे कीं, तेल कमी होत जातें पण जमिनीवर डाग पडत नाहीं. ज्या ट्रॅक्टरांत पंप इंजिनास लागून बसविलेला असतो, त्यांत पंपाच्या दांड्याचें सील झिजलें म्हणजे उचल-यंत्रणेचें तेल इंजिनांत उतरतें. इंजिनाच्या तेलाची पातळी आपोआप वाढूं लागली तर हा दोष समजावा व इंजिन चालविणें थांबवावें.

गळती किती याचा हिशेबहि करावा. तेलाचे सुमारें २० ते २५ थेंब मिळून एक मिलिलिटर होतो. दर सेकंदास एक थेंब पडत असेल, तर आठ तासांच्या कामांत २८,८०० थेंब, म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास तेल जातें. दहा सेकंदांस एक थेंब असेल, तर दिवसास सव्वाशे मिलिलिटर. ज्यास आपण 'नुसता ओलावा' म्हणतों, त्याचा एका हंगामाचा हिशेब मांडला तर सीलच्या किमतीशीं तुलना करतां येते.

आंतील गळतीची परीक्षा

कांहीं वेळां बाहेर एकहि थेंब दिसत नाहीं, तरी उचललेलें अवजार हळूहळू खालीं बसतें. इंजिन चालू असतां तें थोडें खालीं येतें, पुन्हां झटक्यानें वर जातें व असें वारंवार होतें. ही आंतील गळती होय : तेल दट्ट्याच्या कडेनें किंवा झडपेंतून परतीच्या वाटेस लागतें.

मध्य प्रदेशांतील बुदनी येथील केंद्र सरकारच्या परीक्षण संस्थेंत ट्रॅक्टर तपासतांना ओझें उचलून ठेवून दर ५ मिनिटांनीं, ३० मिनिटांपर्यंत, तें किती मिलिमीटर खालीं आलें हें नोंदवितात. ही परीक्षा प्रत्येकास अंगणांत करतां येते. नेहमीचें जड अवजार जोडून पूर्ण वर उचलावें, इंजिन बंद करावें, बाजूस एक काठी रोवून अवजाराच्या टोकाच्या उंचीवर खूण करावी आणि दर ५ मिनिटांनीं दुरूनच नवी खूण करावी. ट्रॅक्टर चांगल्या स्थितींत असतांना एकदां ही परीक्षा करून आंकडे वहींत लिहून ठेवले, तर पुढें प्रतिवर्षीं तुलना करतां येते. उतार एकदम वाढला तर दट्ट्याचें सील किंवा झडप तपासण्याची वेळ आली. सकाळीं गार तेलावर व दुपारीं तापलेल्या तेलावर असे दोन्ही प्रयोग करावे. तेल तापून पातळ झाल्यावर जो दोष दिसतो तो सकाळीं लपलेला असतो.

यासोबत तेलहि पाहावें. कांचेच्या बाटलींत थोडें काढून तासभर ठेवावें. फेस असून तो विरला व तेल स्वच्छ झालें, तर पंपाच्या ओढीच्या बाजूनें हवा शिरते आहे. ओढीची नळी व तिचे सांधे आवळावे व पातळी पाहावी. तेल ताकासारखें गढूळच राहिलें, तर पाणी शिरलें आहे. खात्री करावयाची असल्यास तापलेल्या तव्यावर एकच थेंब लांबून टाकावा. तडतडला तर पाणी नक्की. असें तेल पुढें वापरूं नये. पाण्यानें गंज चढतो, गंजानें दांडी खरबरीत होते आणि खरबरीत दांडी नव्या सीलास करवतीसारखी कापते.

जुन्या सीलाची साक्ष

काढलेलें सील फेकण्यापूर्वीं पुसून उजेडांत पाहावें. त्यावरून कारण पुढीलप्रमाणें ओळखतां येतें.

१. कडक होऊन भेगाळलेलें : तेल फार तापत होतें. पातळी कमी, गाळणी तुंबलेली, किंवा लिव्हर सतत उचलीवर ठेवून सुरक्षा-झडप ओरडत ठेवण्याची चालकाची संवय.

२. एका बाजूनें चपटें झालेलें : वय झालें, अथवा उष्णता व अति आवळणें.

३. फुगलेलें व मऊ पडलेलें : रबराची जात व तेल यांचा मेळ नाहीं. खनिज तेलास नायट्राइल जातीचें रबर टिकतें. सायकलच्या ट्यूबचें रबर त्यांत फुगतें. म्हणून ट्यूब कापून केलेली कडी चार दिवसांची सोबती होय. ब्रेकचें तेल या यंत्रणेंत कदापि ओतूं नये.

४. कडा उंदरानें कुरतडल्यासारख्या : दाब जास्त, फट मोठी, किंवा ओ-रिंगच्या पाठीस असणारी आधाराची कडक चकती बसविण्याची राहिली.

५. लांबीच्या दिशेनें ओरखडे : धूळ शिरली किंवा दांडीवर ओरखडा आहे. दांडीवरून नख फिरवावें; नख अडकलें तर नवें सील टिकणार नाहीं, आधीं दांडीचा उपचार करावा.

६. एकच स्वच्छ काप : बसवितांना धारदार कडेवरून किंवा आट्यांवरून ओढलें गेलें. दोष बसविणाराचा.

दुरुस्ती

सांधे, नळ्या, तांब्याचे वायसर व बाहेरील ओ-रिंग हीं कामें घरीं करण्याजोगीं आहेत. सांधा गळतो म्हणून जोर लावून आवळीत जाऊं नये; आटे तुटतात व बैठक वाकडी होते. तांब्याचा वायसर एकदां दबला म्हणजे कडक होतो. नवा नसेल तर तो विस्तवांत मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यांत बुडवावा. तांबें लोखंडाच्या उलट, असें केल्यानें मऊ होतें. नंतर काजळी पुसून बसवावा. ओ-रिंगच्या सांध्यावर पांढरी फीत गुंडाळूं नये. तिचे तुकडे झडपेंत जाऊन अडकतात.

रबरी नळी फुगली, तिच्या आंतील पोलादी जाळी उघडी पडली किंवा तोंडाशीं ओलसर दिसली तर ती बदलावी. तार गुंडाळणें, ट्यूबची पट्टी बांधणें हा उपाय नव्हे. तो धोका झांकून ठेवणें होय. नवी नळी त्याच दाबाची, त्याच लांबीची, पीळ न देतां व सांगाड्यावर न घासेल अशी बसवावी.

जॅकचें सील बदलावयाचें असल्यास जागा स्वच्छ असावी. उडत्या धुळींत, खळ्याशेजारीं जॅक उघडूं नये. बाहेरील माती धुतल्याशिवाय एकहि कडी सोडूं नये. जुनें सील काढतांना खांचेस स्क्रू-ड्रायव्हरचा ओरखडा लागूं देऊं नये. नवें सील त्याच तेलांत भिजवून, कोमट करून, आट्यांवर गुळगुळीत कागद गुंडाळून सरकवावें आणि ओठाची दिशा दोनदां पाहावी. पंप, नियंत्रक झडप व सुरक्षा-झडप मात्र जाणत्या मिस्तरीच्या हातींच द्याव्या. सुरक्षा-झडपेचा स्क्रू आवळून 'जोर वाढविणें' म्हणजे नळी फोडण्याची तयारी करणें होय.

काम झाल्यावर सर्व दट्टे आंत, म्हणजे अवजार व ट्रॉली खालीं असतांना तेलाची पातळी भरावी. ट्रॉली वर असतांना तेल भरलें, तर ती उतरतांच जास्त झालेलें तेल बाहेर येतें. नंतर रिकामी ट्रॉली पांच-सहा वेळां पूर्ण उचलून उतरवावी, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. मग पातळी पुन्हां पाहावी. गळलेलें व काढलेलें तेल विहिरीजवळ, नाल्यांत किंवा शेतांत ओतूं नये. तें डब्यांत सांठवून जुनें तेल रीतसर घेणाऱ्याकडे द्यावें. गुरांच्या अंगास गोचिडीवर तें लावण्याची चाल सोडावी.

उसन्या ट्रॉलीबरोबर येणारा रोग

एक गोष्ट आपल्या गांवांत फारशी कोणी विचारांत घेत नाहीं. एक ट्रॉली चार ट्रॅक्टरांस जोडली जाते. प्रत्येक वेळीं जॅकमधील तेल आधींच्या ट्रॅक्टरांतून निघून पुढच्यांत जातें. एकानें जळकें इंजिन-तेल ओतलें असेल, दुसऱ्याच्यांत पाणी असेल, तर तें सर्वांच्या वांट्यास येतें. ट्रॉली उसनी घेतली कीं तिचें तेलहि उसनें येतें. शिवाय नळीचें जोड-तोंड सोडल्यावर तें मातींत लोळतें, आणि न पुसतां जोडलें कीं चिमूटभर काळी माती थेट झडपेंत जाते. ही माती स्पर्शास मऊ लागते, पण तिच्यांतले बारीक कठीण कण पोलादासहि झिजवितात. एका ट्रॅक्टराची गळती अशा रीतीनें गांवभर फिरते आणि प्रत्येक मालक आपल्या सीलास दोष देत बसतो.

यावर उपाय स्वस्त आहेत. जोड-तोंडांस टोपणें घालावीं. हरवलीं तर स्वच्छ कापड व पिशवी बांधावी. जोडण्यापूर्वीं दोन्ही तोंडें फडक्यानें पुसावीं. एकमेकांस ट्रॉली देणाऱ्यांनीं ट्रॅक्टरच्या माहिती-पुस्तकांप्रमाणें चालणारें एकाच जातीचें तेल ठरवून घ्यावें. ट्रॉली उभी ठेवतांना जॅक पूर्ण मिटलेला असावा, म्हणजे त्याची चकचकीत दांडी पाऊस व धूळ यांपासून आंत सुरक्षित राहते.

वेळ व सोय

वर्षांतून दोन वेळां ही तपासणी करावी. पहिली अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, नांगरणी उरकून मृगाची वाट पाहत असतांना. दुसरी खंडेनवमीस. त्या दिवशीं आपण ट्रॅक्टर धुऊन हारफुलें वाहतोंच. धुतल्यानंतर व कुंकू लावण्यापूर्वीं अर्धा तास सांधे, नळ्या व दांडी पाहण्यांत घालविला, तर पुढें लगेच येणाऱ्या सोयाबीनच्या वाहतुकींत ट्रॉली अडत नाहीं.

ज्या गांवीं आपल्या संघाचे पांच-सात सभासद ट्रॅक्टर बाळगून आहेत, तेथें त्यांनीं मिळून एक पेटी ठेवावी : निरनिराळ्या मापांच्या नायट्राइल ओ-रिंगा, तांब्याचे वायसर, जोड-तोंडांचीं टोपणें, खांच मोजण्याचें माप व एक वही. वहींत कोणत्या ट्रॅक्टराचें कोणतें सील कोणत्या तारखेस व कोणत्या कारणानें बदललें तें लिहावें. एकाच जागेचें सील वर्षांत दोनदां बदललेलें दिसलें, तर तिसरें आणण्यापूर्वीं दांडीवर नख फिरवून पाहावें व तेलाचा एक थेंब तव्यावर टाकावा.